आमदार राहिलेला न्यायमूर्ती : २४ जून १९७५ च्या आदेशाचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यात वकिली करणारे आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी एकत्र बसतो आणि एखादे जुने प्रकरण मुळापासून वाचतो. या वेळचे प्रकरण आमच्यातल्याच एका तरुण सहकाऱ्यामुळे निवडले गेले. तो २०२२ पर्यंत पंचायत समितीचा सदस्य होता. त्याची वकिली दहा वर्षांची आहे, हात स्वच्छ आहे आणि आता त्याला जिल्हा न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची आहे. बार रूममध्ये त्याने हे बोलून दाखवले तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी त्याला सरळ सांगितले, "बाळा, एकदा कपाळाला गुलाल लागला की तो न्यायाच्या खुर्चीवर दिसतोच. तू पुढच्या निवडणुकीचे तिकीट माग." बोलणारे मनाने कडू नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यामागे या मातीतली एक जुनी धारणाही आहे. क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव इथे लहान मुलालाही ठाऊक असते. नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून पुणे सोडणारा हा न्यायाधीश सातारकरांच्या मनातला आदर्श आहे, आणि त्या आदर्शात न्यायाधीश सत्तेपासून दूर उभा असतो.

ही धारणा तपासून पाहावी म्हणून मी व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे प्रकरण मांडले. वकील, आमदार, मंत्री, पुन्हा वकील, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, विधी आयोगाचे सदस्य आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असा त्यांचा प्रवास आहे. लोकसभेवरची निवड रद्द झालेल्या पंतप्रधान इंदिरा गांधींचा स्थगितीचा अर्ज जून १९७५ मध्ये त्यांच्यापुढे आला; त्यांच्या संपूर्ण चरित्रापेक्षा ते दोन दिवस आमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे होते, कारण राजकारणातून आलेल्या न्यायाधीशाची परीक्षा याहून कठोर परिस्थितीत झाल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आधी पार्श्वभूमी सांगतो. कृष्ण अय्यर यांनी १९३८ मध्ये मलबारातल्या तलश्शेरी येथे वकिली सुरू केली. वडीलही वकील होते. कुळे, कामगार आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते हे त्यांचे पक्षकार, आणि त्या काळात अशा पक्षकारांची वकीलपत्रे घेणे सरकारच्या डोळ्यांवर येत असे. कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून १९४८ मध्ये त्यांना स्वतःलाच सुमारे महिनाभर तुरुंगात राहावे लागले. १९५२ मध्ये ते मद्रास विधानसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले. केरळ राज्य झाल्यावर १९५७ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाच्या पाठिंब्याने, पण अपक्ष म्हणूनच, ते विधानसभेत गेले आणि ई. एम. एस. नंबूदिरिपाद यांच्या मंत्रिमंडळात गृह, कायदा, तुरुंग, पाटबंधारे, वीज अशी खाती त्यांनी सांभाळली. हे सरकार ३१ जुलै १९५९ रोजी राष्ट्रपती राजवटीच्या अनुच्छेद ३५६ खाली केंद्राने बरखास्त केले. त्या वर्षी काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या आणि बरखास्तीचा आग्रह धरणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी होते. म्हणजे ज्या न्यायमूर्तींपुढे १९७५ मध्ये इंदिरा गांधींचा अर्ज आला, त्यांचे मंत्रिपद जाण्याशी सोळा वर्षांपूर्वी अर्जदारांचा संबंध होता.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण आम्हा वकिलांना ती फार बोलकी वाटली. १९६० च्या निवडणुकीत मतमोजणीत कृष्ण अय्यर थोडक्या मतांनी हरले. त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली, ती चालवली आणि तिच्या निकालाने विजयी ठरून ते विधानसभेत परतले. निवडणूक याचिकेतला प्रत्येक टप्पा, अगदी निकालाची वाट पाहतानाची ती घालमेलही, त्यांनी पक्षकार म्हणून अनुभवली होती. १९६५ मध्ये ते पुन्हा हरले. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९७१ ते १९७३ या काळात विधी आयोगाचे सदस्य. त्या आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, ज्यांचा जन्म १९०१ मध्ये साताऱ्यातच झाला. आमच्या बैठकीत हा उल्लेख आला तेव्हा दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मलाही झाला, हे नमूद करायला हरकत नसावी.

सर्वोच्च न्यायालयात ते १७ जुलै १९७३ रोजी आले, तेव्हाची हवा अविश्वासाने भरलेली होती. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला आणि लगोलग शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. तिघांनीही राजीनामे दिले. न्यायाधीशाचे सामाजिक तत्त्वज्ञान नेमणुकीच्या वेळी पाहिले पाहिजे, असे समर्थन मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी संसदेत केले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत कम्युनिस्टांच्या मंत्रिमंडळात बसलेला माणूस सर्वोच्च न्यायालयात येतो, याचा अर्थ वकीलवर्गाने काय लावला असेल ते सांगायला नको. मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी या नेमणुकीला उघड विरोध केला. त्यांत सोली सोराबजीही होते. आपला तो विरोध चुकीचा होता हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. आमच्या ज्येष्ठ वकिलांचा गुलालाचा आक्षेप हाच होता, फक्त तो इंग्रजी निवेदनात मांडलेला होता.

ज्यांना डावलले त्यांपैकी के. एस. हेगडे हेही लोकप्रतिनिधी राहिलेले न्यायमूर्ती होते, हे या ठिकाणी लक्षात घ्यावे. १९५२ ते १९५७ ते काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते आणि तिथूनच म्हैसूर उच्च न्यायालयात गेले. १९७५ चा आदेश ज्या वादातून निघाला त्या, रायबरेलीतले पराभूत उमेदवार राज नारायण यांनी इंदिरा गांधींविरुद्ध केलेल्या निवडणूक याचिकेतला एक मुद्दा १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा तो ऐकणाऱ्या खंडपीठावर हेगडे होते, आणि तो मुद्दा याचिकाकर्त्याच्या बाजूने सुटला. ज्या पक्षाने संसदेत पाठवले त्या पक्षाच्या पंतप्रधानांविरुद्ध जाणारा निर्णय देताना त्यांचा हात अडखळला नाही.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीतली निवड रद्द केली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) खालचे दोन भ्रष्ट आचार सिद्ध झाले असे त्यांनी ठरवले. राजपत्रित अधिकारी यशपाल कपूर यांची प्रचारातली मदत हा पहिला, आणि उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांकडून सभांसाठी व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांना वीज यांची व्यवस्था करून घेणे हा दुसरा. मताधिक्य एक लाखाहून अधिक होते, परंतु भ्रष्ट आचार सिद्ध झाला की मताधिक्य किती हा प्रश्नच उरत नाही. त्या वेळच्या कलम ८(क) प्रमाणे सहा वर्षांची अपात्रता निकालाबरोबर आपोआप लागू होत असे. उच्च न्यायालयाने वीस दिवसांची स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि सुट्टीतील न्यायमूर्ती म्हणून कृष्ण अय्यर एकटे बसत होते.

अर्ज दाखल होण्यापूर्वी एक फोन आला. केंद्रीय कायदामंत्री ह. रा. गोखले यांना कृष्ण अय्यर यांची भेट हवी होती. कशासंबंधी, असे न्यायमूर्तींनी विचारले; अलाहाबादच्या निकालासंबंधी, असे कळल्यावर त्यांनी सांगितले की त्यासाठी भेटण्याची गरज नाही, अपील कार्यालयात दाखल करावे म्हणजे ते सुनावणीला घेता येईल. ही हकीकत कृष्ण अय्यर यांनी स्वतःच नंतर सांगितली आहे. गोखले हे आपले मराठी गृहस्थ. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदाचा राजीनामा देऊन ते वकिलीत परतले, १९७१ मध्ये खासदार झाले आणि कायदामंत्री बनले. फोनच्या एका टोकाला राजकारणातून न्यायासनावर आलेला माणूस होता आणि दुसऱ्या टोकाला न्यायासनावरून राजकारणात गेलेला. भेटीचा अर्थ काय लावला जाईल हे दोघांनाही समजत असणार, कारण दोघांनीही दोन्ही घरे आतून पाहिली होती. आमच्या तरुण सहकाऱ्याने वाचन इथेच थांबवले आणि विचारले, "सर, फोन घ्यायचाच नाही असे नाही का करता आले असते?" मला वाटते, फोन घेणे आणि योग्य मार्ग दाखवणे हेच बरोबर होते. मंत्र्यालाही अपील करण्याचा हक्क असतो, फक्त त्याचा रस्ता इतर पक्षकारांप्रमाणे कार्यालयाच्या खिडकीवरून जातो.

२३ जून रोजी सुनावणी झाली. इंदिरा गांधींतर्फे नानी पालखीवाला उभे होते, राज नारायण यांच्यातर्फे शांतिभूषण. पालखीवालांची मागणी पूर्ण, विनाअट स्थगितीची होती. देशाच्या पंतप्रधानांवर टांगती तलवार ठेवून कारभार कसा चालेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. शांतिभूषण यांचे म्हणणे असे की, कायद्यापुढे पंतप्रधान आणि इतर उमेदवार असा फरक नाही. आदेश दुसऱ्या दिवशी, २४ जून रोजी झाला.

या आदेशाची रचना आम्ही जवळजवळ तासभर चर्चिली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. अलाहाबादच्या निकालाला स्थगिती मिळाली, पण तीन भागांत. लोकसभेच्या सदस्य म्हणून इंदिरा गांधींनी कामकाजात भाग घेऊ नये, मतदान करू नये आणि सदस्यत्वाचे मानधन घेऊ नये, हा पहिला भाग. सभागृहाच्या हजेरीवहीत सही करण्याची आणि अधिवेशनाला उपस्थित राहण्याची मुभा त्यांना असेल, हा दुसरा. तिसऱ्या भागात म्हटले होते की पंतप्रधान म्हणून दोन्ही सभागृहांत बोलण्याचा, मताशिवाय कामकाजात सहभागी होण्याचा, अनुच्छेद ७४, ७५, ७८ आणि ८८ खालील कर्तव्ये पार पाडण्याचा व पंतप्रधानपदाचा पगार घेण्याचा त्यांचा अधिकार या आदेशाने बाधित होणार नाही.

हजेरीच्या सहीची परवानगी वरवर पाहता किरकोळ वाटते. अनुच्छेद १०१(४) प्रमाणे सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा रिकामी झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते. अपील प्रलंबित असताना केवळ गैरहजेरीमुळे जागा गेली तर पुढे अपील जिंकूनही हाती काही राहत नाही, म्हणून निवडणूक अपिलांत अशी सही करू देण्याची रूढी न्यायालयाने आधीपासून पाळलेली होती. कृष्ण अय्यर यांनी ती पंतप्रधानांनाही जशीच्या तशी लावली. साध्या आमदाराच्या अपिलात जी स्थगिती मिळाली असती तीच इथे मिळाली, ना रुपयाने जास्त ना पैशाने कमी. पंतप्रधानपद आणि लोकसभेची जागा या दोन गोष्टी घटनेने वेगळ्या ठेवल्या आहेत, मंत्री सहा महिने सदस्य नसतानाही पदावर राहू शकतो आणि ज्या सभागृहाचा तो सदस्य नाही तिथेही बोलू शकतो, हे पुस्तकात कोणालाही वाचता येते. पण त्या भेदावर आदेशाची इमारत उभी करायला सभागृहात बसलेल्या, मंत्री म्हणून उत्तरे दिलेल्या आणि याचिकेच्या बळावर जागा परत मिळवलेल्या माणसाची समज उपयोगी पडली असली पाहिजे, असे माझे मत आहे. हे मत सिद्ध करता येणार नाही, तरी आदेश वाचताना ते पदोपदी जाणवते.

आदेशातले आणखी एक विधान आमच्यात वादाचे ठरले. सहा वर्षांच्या आपोआप लागणाऱ्या अपात्रतेसंबंधी बोलताना न्यायमूर्तींनी म्हटले की, अतिकठोर कायदा कठोर आहे म्हणून न्यायालयात तो कायदा राहत नाही असे नाही, मात्र जागृत विधिमंडळाने त्याची त्वरित दखल घ्यावी. इथे माजी आमदार बोलतो आहे, असे एका सहकारी वकीलबाईंनी म्हटले, आणि ते खरे आहे. कायदा न्यायालयाने वाकवू नये, बदलायचा असेल तर तो करणाऱ्यांनी बदलावा, ही जाण त्यात आहे. दुर्दैव असे की विधिमंडळ जागे झाले ते भलत्याच रीतीने. ऑगस्ट १९७५ मध्ये निवडणूक कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती झाली आणि एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२९(क) घालून पंतप्रधानांची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्याचा प्रयत्न झाला. पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी त्या अनुच्छेदाचे चौथे उपकलम रद्द केले, पण बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे इंदिरा गांधींची निवड वैध ठरली. त्या खंडपीठावर कृष्ण अय्यर नव्हते.

मधल्या काळात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. २५ जूनला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली आणि त्याच रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. पालखीवालांनी वकीलपत्र परत केले. आपल्या साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण, जे स्वतः कराडला वकिली केलेले, तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. २६ जूनच्या सकाळी मंत्रिमंडळापुढे हा विषय आला तो सही होऊन गेल्यानंतर.

पूर्ण स्थगिती दिली असती तर आणीबाणी टळली असती, असे काहीजण आजही म्हणतात. स्थगिती साफ नाकारायला हवी होती, असे दुसरे म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत न्यायाधीशाने आदेशाच्या राजकीय परिणामांचा अंदाज बांधून आदेश लिहावा अशी अपेक्षा दडलेली आहे. मला ती मान्य नाही. जो माणूस राजकारणात वावरलेला आहे त्याला असा अंदाज बांधण्याचा मोह इतरांपेक्षा अधिक होणार, आणि त्या मोहाला त्यांनी रूढ नियमाच्या आड बसून उत्तर दिले, ही मला या आदेशातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

त्यांनी सुनावणीतून बाजूला व्हायला हवे होते का, हा प्रश्नही बैठकीत निघाला. १९५९ ची बरखास्ती हा वरकरणी मोठा आक्षेप आहे. पण तो हितसंबंध व्यक्तिगत नव्हता, सोळा वर्षे उलटली होती, मधल्या काळात याच पंतप्रधानांच्या सरकारने त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले होते, आणि खरे तर संशयाची सुई दोन्ही दिशांना वळू शकत होती. जुना राग असेल म्हणावे, तर नेमणुकीचे ऋणही असेल म्हणावे लागेल. आदेश मात्र दोन्हीपैकी कोणाच्या उपयोगी पडला नाही.

मी दुसरी बाजूही मुद्दाम मांडली, कारण ती लपवली तर अभ्यास खोटा ठरेल. बहरुल इस्लाम हे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. १९७२ मध्ये ते गुवाहाटी उच्च न्यायालयात गेले, १९८० मध्ये निवृत्त झाल्यानंतर त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले. बिहारचे तेव्हाचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांना पाटण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात दिलासा देणाऱ्या डिसेंबर १९८२ च्या निकालात ते होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी न्यायमूर्तिपद सोडले आणि काँग्रेसच्या राजकारणात परतले. निकाल कायद्याने बरोबर की चूक हे बाजूला ठेवले, तरी इतक्या लगेच परत जाण्याने त्या निकालावर जी सावली पडली ती पुसणे कोणालाच शक्य नाही. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला नागरी बँक आणि राजकारण यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही, म्हणून हे उदाहरण आमच्याकडे फार लवकर पटले. कृष्ण अय्यरही १९८७ मध्ये विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून रामस्वामी व्यंकटरमण यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. पण ते सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त होऊन तेव्हा जवळपास सात वर्षे झाली होती. हे अंतर मला महत्त्वाचे वाटते.

राज्यघटनेत याविषयी काय आहे, तेही पाहिले. अनुच्छेद १२४, २१७ आणि २३३ यांत वकिलीची वर्षे मोजली आहेत. माजी लोकप्रतिनिधीला मनाई कुठेही नाही. महाराष्ट्रात तर ही परंपरा जुनी आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे वकील, मग मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य आणि १८८९ पासून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १८९३ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले, आणि तेही कायदेमंडळात काम केलेलेच. अर्थात तेव्हाचे सदस्यत्व नेमणुकीचे होते, त्याला निवडणुकीचा धुरळा नव्हता, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये.

मंत्री म्हणून तुरुंग पाहिलेल्या कृष्ण अय्यर यांनी पुढे सुनील बत्रा प्रकरणात कैद्यांच्या हक्कांवर लिहिले, मोतीराम प्रकरणात एका गरीब गवंड्याला दहा हजारांच्या जामिनाची अट कशी अन्यायाची आहे ते दाखवले आणि १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेला, पैसे नाहीत ही सबब ऐकून न घेता, गटारे बांधायला लावले. हे निकाल आम्ही त्या दिवशी केवळ चाळले. मात्र पंचायत समितीत पाणीटंचाईचे आराखडे मंजूर केलेल्या आमच्या सहकाऱ्याने रतलामचा निकाल घरी वाचायला मागून घेतला.

बैठक संपताना त्याने ज्येष्ठ वकिलांना नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तिकिटासाठी गावाकडून फोन येतायत. परवा सगळ्यांना सांगितलं, यंदा नाही आणि पुढेही नाही." काकांनी चष्मा काढून पुसला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "दिवाणी प्रक्रिया संहितेची तयारी कुठवर आलीय?" पुढच्या शनिवारपासून सकाळी सात वाजता ते त्याची तयारी करून घेणार आहेत.